चुगलखोर वारा

कोल्ह्यासारख्या कायोटीच्या शिकारीला पहिल्या दिवशी आम्ही सात ठिकाणी बसलो आणि सातही ठिकाणांहून हात हलवत उठलो. अगदीच कोणी आलं नाही असं नाही. एके ठिकाणी चाळीसेक गाई आल्या. ते पुढे सांगतो.

मी ओमाहात राहतो. शेतात चाकांवर गोल फिरणारे सिंचनाचे लांबलचक सांगाडे असतात ना, पिव्हट, त्यांचं काम करतो. विमानातून नेब्रास्का पाहिलं तर खाली हिरव्या भाकऱ्या थापून ठेवल्यासारख्या दिसतात, ती आमची कृपा. कामानिमित्त राज्याच्या उत्तरेला, व्हॅलेंटाइन गावाच्या बाजूला सारखं जाणं होतं. गाडीने पाच तास. तो सगळा मुलूख सँडहिल्सचा. वाळूच्या टेकड्यांमागे टेकड्या, पण गवताने त्या अशा घट्ट धरून ठेवल्यात की खाली वाळू आहे हे गाडी रुतल्यावरच कळतं. पसारा जवळजवळ ५० हजार चौरस किलोमीटर. पुणे, सातारा, सांगली आणि सोलापूर हे चारही जिल्हे जोडले तर जेमतेम तेवढे भरतील. माणसं तुरळक, गाई अमाप.

तिथल्या एका रँचवर गेली तीन वर्षं मी पिव्हट दुरुस्तीला जातो. मालक सत्तरी ओलांडलेले. मनातल्या मनात मी त्यांना वस्ताद म्हणतो, कारण तालमीतल्या वस्तादांसारखे तेही शाबासकी देत नाहीत, खूश झाले की फक्त कमी ओरडतात. मागच्या उन्हाळ्यात गिअरबॉक्स उघडून बसलो असताना समोरच्या टेकडीवरून एक कायोटी आरामात चालत गेला. मी बघतच राहिलो. वस्ताद म्हणाले, "जानेवारीत ये. त्याला बोलावू."

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अंगापिंडाने थोराड चुलतभाऊ. वस्ताद त्याला "कायोट" म्हणतात, शेवटची ई गिळून. कायोटी म्हणणारे त्यांच्या मते शहरातले. जानेवारीच का, तर तेव्हा खाणं दुर्मीळ, पोटं रिकामी, जोड्या जमायची वेळ, आणि फेब्रुवारी-मार्चात वस्तादांच्या गाई व्यायला लागतात. ओलं, धडपडत उठणारं वासरू कायोटीला सोपं पडतं.

व्हिसावर होतो तोवर मी बंदुकीला हात लावला नव्हता. इथला संघीय कायदा असा, की एच-वन-बीसारख्या व्हिसावरच्या माणसाने शिकारीचा परवाना नसताना बंदूक बाळगली तर तो गुन्हा. ग्रीन कार्ड आलं आणि ती धास्ती गेली. कायोटीच्या बाबतीत नेब्रास्काचे नियम तर भलतेच सैल. रहिवाशाला परवाना लागत नाही, हंगाम बाराही महिने, यंत्राने आवाज काढलेला चालतो. हेच यंत्र बदकांसाठी लावलं की मात्र कायदा मानगूट धरतो. मी आपला ऑनलाइन सुरक्षा अभ्यासक्रम करून घेतला, माझ्या वयाला सक्ती नसतानाही. वस्तादांनी प्रमाणपत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. खळ्यामागे २०० यार्डांवर कागद लावला, आपली टू-टू-थ्री रायफल हातात दिली आणि पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडेपर्यंत मला पोटावरून उठू दिलं नाही.

आता यंत्राचं. टिफिनच्या मोठ्या डब्याएवढा स्पीकर, फॉक्सप्रो कंपनीचा. सोबत रिमोट, त्यात शंभरावर आवाज. सापडलेल्या सशाचं किंचाळणं, उंदराची चिवचिव, कायोटी मादीची हाक, पिल्लाचं रडणं, मार खाल्लेल्या कायोटीचं केकाटणं. घरी हॉलमध्ये बसून मी एकदा सशाचा आवाज लावला तर बायको स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली. तान्हं मूल ठसका लागून ओरडतंय असंच वाटतं. यात नवं फारसं काही नाही म्हणा. टेक्सासात जॉनी स्टुअर्ट नावाच्या माणसाने खऱ्या प्राण्यांचे आवाज मुद्रित करून त्यांच्या रेकॉर्डी विकायला काढल्या, त्याला साठ वर्षं होऊन गेली. वस्तादांच्या तबेल्यात अजून कॅसेटवाला एक डबा धूळ खात पडलाय. त्याचा कर्णा लांब वायरीने जोडलेला, आणि ती वायर उंदरांनी कुरतडलेली. ज्यांना इतकी वर्षं फसवलं त्यांनी सूड घेतला म्हणायचा.

डिकॉय, म्हणजे नजरेला फसवणारं आमिष, त्याहून साधा. जमिनीत खुपसायची खुंटी, तिच्यावर बॅटरीची छोटी मोटार, मोटारीतून निघालेली लवचीक तार आणि तारेच्या टोकाला राखाडी केसांचा झुबका. चालू केला की झुबका वेडावाकडा नाचतो, थांबतो, पुन्हा उसळतो. दहा पावलांवरून पाहिलं तर पोरखेळ वाटतो. मला मात्र माणदेशातलं लहानपण आठवलं. आमच्या गावाबाहेर पालावर एक फासेपारधी म्हातारबाबा असायचे. ते पिंजऱ्यातला तित्तर माळावर नेऊन ठेवत, भोवती फास पसरत आणि लांब बाभळीआड बसून तोंडाने असा आवाज काढत, की पिंजऱ्यातला तित्तर त्यांना उत्तर द्यायचा आणि त्या दोघांचं भांडण ऐकून रानातला तिसरा पळत यायचा. त्यांना ना बॅटरी लागायची ना रिमोट. आम्हा पोरांना ते बसू द्यायचे, पण नाकात बोट घातलं तरी डोळे वटारायचे. तेव्हा कळलं नव्हतं. ऐकणारा जवळ आला की आवाज शोधत बघायला लागतो, आणि बघायला लागला की त्याला काहीतरी हलणारं दिसावं लागतं. ते तू नसावास, एवढ्यासाठी डिकॉय.

बसण्याच्या जागेला इथे "स्टँड" म्हणतात. बसायचं, आणि म्हणायचं उभं. मी आपलं बैठक म्हणतो. बैठकीच्या अर्ध्या मैलावर टेकडीआड पिकअप उभी करायची. दार आपटायचं नाही, कमरेने दाबून लावायचं. धारेवरून चालायचं नाही, आकाशावर माणसाची आकृती उमटते. खोलगटातून जायचं. पाठीला टेकडीचा उतार आणि शेजारी युकाचं झुडूप बघून बूड टेकायचं. त्या आधी खाली काय आहे ते पाहायचं. मी पाहिलं नाही. सँडहिल्समधल्या वाळूत एक काटेरी बी पसरलेलं असतं, आपल्या सराट्यासारखं. तीन पदरी पँटमधूनही ते पोचतं.

बसलो की वस्ताद कोटाच्या खिशातून एक वाळकी शेंग काढायचे. मिल्कवीडची. फोडली की आत रेशमी कापूस. त्यातली एक तार चिमटीत धरून सोडायचे आणि ती कुठे जाते ते बघत राहायचे. मी हरखलो. ही तर म्हातारी! रुईच्या बोंडातून उडणारी, शाळेच्या वाटेवर आम्ही जिच्यामागे धावायचो तीच. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे हिला म्हातारी म्हणतात. ते म्हणाले, "म्हातारीचं ऐक मग."

सगळा खेळ तिथे आहे. सशाचा आवाज ऐकून कायोटी सरळ येत नाही. तो आवाजाला वळसा घालतो आणि वारा जिकडे वाहतो त्या अंगाला जाऊन आधी नाकाने खात्री करतो. कानावर त्याचा भरवसा नाही, डोळ्यावरही फारसा नाही, नाकाने सांगितलं की संपलं. म्हणून वारा डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर स्पीकर आणि डिकॉय आपल्यापासून पन्नास पावलं डावीकडे, थोडे पुढे ठेवायचे. कायोटी स्पीकरच्या उजव्या अंगाने वळसा घ्यायला येतो आणि आपला वास जिथून वाहतोय तिथे पोचण्याआधी बरोबर आपल्या समोरून जातो. कागदावर काढून बघा, सोपं आहे. टेकड्यांत मात्र वारा कागदावरच्या बाणासारखा वाहत नाही. खिंडीत वळतो, ऊन चढलं की उतारावरून वर चढतो, संध्याकाळी खाली घसरतो. पहिल्या दिवशी दुसऱ्या बैठकीला म्हातारी उजवीकडे निघाली, वीस फुटांवर थबकली आणि वळून सावकाश आमच्याच मागे गेली. वस्ताद काही न बोलता उठले. मी म्हटलं, आता इतकं चालून आलोय तर बसू की. ते म्हणाले, "बसून काय करणार? मागच्या खोऱ्यातल्या सगळ्यांना आपण आलोय हे कळलंय."

आणि गाई. चौथी बैठक. आवाज नेहमीप्रमाणे अगदी हळू सुरू केलेला, कारण कायोटी जवळच्याच झुडपात झोपलेला असला तर पहिल्याच किंकाळीला उधळेल. दर दोन मिनिटांनी थोडा वाढवायचा, मधे थांबायचं, कान देऊ द्यायचे. पाचव्या मिनिटाला समोरच्या धारेवर एक काळं डोकं आलं. मग दुसरं. मग एक अख्खी रांग. काळ्या अँगस गाई, उतारावरून लगबगीने, शाळा सुटल्यासारख्या. त्यांनी स्पीकरभोवती रिंगण धरलं. ससा ओरडतोय, चाळीस गाई माना खाली घालून ऐकतायत. एकीने डिकॉयला नाक लावलं, झुबका तिच्या नाकपुडीवर फटकन बसला, ती मागच्या मागे उडाली आणि मागची तिच्यावर आदळली. तिसरीने तार चाटून पाहिली. माझ्या शेजारी वस्तादांचे खांदे हलत होते. मला वाटलं संतापलेत. तोंडावर हातमोजा दाबून ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. स्पीकर आणायला गेलो तेव्हा त्याच्यावर ताजं शेण होतं. थंडीत त्यातून वाफ निघत होती.

रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात आईचा फोन आला. मी उत्साहाने सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "खातात का ते?" म्हटलं, नाही. "मग कशाला मारता?" मी वासरांचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, आपल्या वाड्यावर शेळ्यामेंढ्या बसवायला यायचे ते धनगर आठवतात का तुला, लांडग्याने कोकरू नेलं की काय म्हणायचे? आठवत होतं. त्याचा वाटा त्याने नेला, म्हणायचे. शिव्याही द्यायचे, पण वाटा नेला म्हणून.

फोन ठेवल्यावर मी वस्तादांना आईचा प्रश्न सांगितला. शिवाय माझ्या वाचनातलंही पुढे केलं. १९७५ साली कॅलिफोर्नियात कॉनॉली आणि लाँगहर्स्ट या दोघांनी संगणकावर हिशेब मांडला होता: दरवर्षी शंभरातले ७५ कायोटी मारत राहिलं तरी ते नाहीसे व्हायला पन्नास वर्षं लागतील. मारले की उरलेल्यांना खाणं जास्त, पिल्लं जास्त जगतात, रिकामा मुलूख बाहेरचे येऊन भरतात. वस्तादांना हे सगळं माहीत होतं. म्हणाले, "मला जगातले कायोट संपवायचे नाहीत. घराजवळच्या दोन कुरणांत एप्रिलपर्यंत शांतता हवी. पलीकडच्या टेकड्यांतल्यांशी माझं भांडण नाही." मला ते पुरतं पटलं असं नाही. वासरांना हात न लावणारी एखादी जोडी तिथे ठाण मांडून असेल तर तीच बाहेरच्यांना हुसकते, मग तिला मारून काय मिळवलं? पण नेमकी कोणती जोडी सभ्य आहे हे टेकडीवरून कसं ओळखायचं, यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पिठाच्या डब्यामागून एक वही काढली आणि दिवसाची नोंद केली. खोरं, वारा, आवाज, किती मिनिटं, काय आलं. "काय आलं" या रकान्यात त्यांनी "गाई" लिहिलं आणि पुन्हा हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उणे १७. पापण्यांवर बर्फाचे कण. सूर्य आठ वाजून गेल्यावर वर येतो, आम्ही त्याआधीच बसलो. वस्तादांनी ससा लावलाच नाही. मादीची एक लांब हाक, बस. मग तब्बल सहा मिनिटं काही नाही. मी घड्याळ बघायला मनगट वळवणार तेवढ्यात पलीकडच्या उतारावर दोन पिवळट ठिपके पळताना दिसले. एक मागे थांबला. दुसरा येत राहिला. शंभरेक यार्डांवर वस्तादांनी घशातून "वुफ" असा हलका आवाज काढला. तो थबकला, मान वळवली. इतकंच त्यांना हवं होतं. गोळी सुटली. मागचा पळाला. त्याच्यामागे त्यांनी केकाटण्याचा आवाज लावून पाहिला, कधीकधी जोडीदार परततो म्हणे. तो परतला नाही.

तिसरी बैठक माझी. उत्तरेकडचं खोरं, मधे मोडकी पवनचक्की आणि जनावरांची पाण्याची टाकी. रिमोट माझ्या डाव्या हातात, रायफल दुपायीवर. ससा, आवाज दहावर. आधी मॅगपाय पक्षी आले, काळेपांढरे, कलकलाट करत. ही चांगली खूण, त्यांचं बघून कायोटीला धीर येतो. नवव्या मिनिटाला तो आला. कुठून आला ते मी पाहिलंच नाही, नजर फिरवून आणली तर उतारावर होता. अडीचशे यार्डांवर तो चक्क बसला. शेपटी पायांभोवती घेऊन, आपलं कुत्रं दारात बसतं तसा, आणि डिकॉयकडे बघत राहिला. झुबका नाचला की त्याचे कान पुढे यायचे, थांबला की एक कान मागे. दुर्बिणीतून मला त्याच्या छातीवरची फर वाऱ्याने दुभंगताना दिसत होती. मी एवढा बघण्यात गुंतलो की रायफल त्याच्या दिशेने वळवायचीच राहिली. तो उठला, उतरू लागला, उजवीकडे वळसा घ्यायला लागला, अगदी कागदावरच्यासारखा. आणि मी तेव्हा नळी वळवली. तो चालत असताना, डोकं माझ्याकडे असताना. डोकं डिकॉयकडे वळेपर्यंत, किंवा तो एखाद्या उंचवट्याआड जाईपर्यंत थांबायचं असतं, हे मला दहा वेळा सांगितलेलं होतं.

तो थिजला. माझ्याकडेच बघत. मी घाईने घोडा ओढला. त्याच्या पोटाखालची वाळू उडाली आणि तो गेला. मागे वळून पाहणं वगैरे काही नाही.

वस्ताद बराच वेळ बोलले नाहीत. ओरडलेही नाहीत, हे जास्त लागलं. मग म्हणाले, "तो आता ग्रॅज्युएट झाला." ससा ओरडतो, झुबका नाचतो, मग जमीन फुटते आणि तिथे माणूस असतो, एवढं त्याला एका मिनिटात समजलं होतं. आणि वर्षभरात पिल्लं झाली की तीही त्याच्यामागून फिरत हे शिकतील, असं त्यांचं म्हणणं. ते खरं की खोटं, माझा चेहरा मात्र पडला.

दुपारी झोप काढली. संध्याकाळी शेवटची बैठक घराजवळच्याच कुरणात, गेल्या वर्षी जिथे दोन वासरं गेली होती तिथे. या वेळी वस्तादांनी फक्त उंदराची चिवचिव लावायला सांगितली, आवाज जेमतेम आम्हाला ऐकू येईल इतका. चौथ्या मिनिटाला डिकॉय बंद पडला. सकाळपासून मी त्यात साध्या अल्कलाइन बॅटऱ्या ठेवल्या होत्या. थंडीत त्या मरतात, लिथियमच्या घालायच्या असतात, हेही सांगितलेलं होतं. झुबका वाऱ्यावर नुसता थरथरत राहिला. मला वाटलं, गेली ही बैठकही. पण वारा त्या दिवशी आमच्या बाजूने होता. म्हातारी सोडली होती ती सरळ रेषेत उजवीकडे गेली होती, दिसेनाशी होईपर्यंत.

तो समोरून नाही, डावीकडच्या खळग्यातून निघाला. साठ यार्ड. नाक जमिनीला, मग वर, मग पाय एकेक उचलून झुबक्याकडे, मांजरासारखा. मागे टेकडीचा उतार होता, म्हणजे गोळी अडायला जागा होती. त्याने डोकं डिकॉयकडे वळवलं तेव्हा मी नळी हलवली. "वुफ" करायची गरज पडली नाही, तो आपणहूनच थांबला होता.

जवळ गेलो तेव्हा उजेड तांबूस झाला होता. वस्तादांनी आधी बुटाच्या टोकाने डोळ्याला स्पर्श करून पाहिलं, मग मला हात लावू दिला. नर होता. हातात धरल्यावर लक्षात आलं की दिसतो त्याच्या निम्माही नसतो, बाकी सगळी फर. खळ्यातल्या काट्यावर तेरा किलो भरला. मिशांवर गोठलेले थेंब. पंजाच्या तळव्यात तेच सराट्यासारखं बी रुतलेलं, आणि भोवती चावून चावून केस गेलेले. ते माझ्याही मांडीत कालपासून सलत होतं. मी ते नखाने काढलं, का ते माहीत नाही. फर आता मातीमोल झाली आहे. कॅनडा गूस कंपनीच्या जॅकेटांच्या टोप्यांना कायोटीची झालर असायची तेव्हा चांगले पैसे येत, २०२१ मध्ये कंपनीने फर बंद करायचं जाहीर केलं. वस्ताद तरीही कातडं सोलून फळीवर ताणतात. टाकून देणं त्यांना जमत नाही.

रात्री त्यांनी वही काढली. माझा कायोटी एका ओळीत संपला: घरचं कुरण, उंदीर, चार मिनिटं, नर. मग पान उलटून ते उत्तरेच्या खोऱ्याच्या नोंदीवर आले, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि माझ्यासमोर दाबून लिहिलं: "ससा नको. दोन वर्षं." त्यापुढे कंसात माझं नाव, तेही चुकीचं.